राष्ट्रपतिपदाचं मत आणि सभागृहातलं मत: व्हिप नेमका कुठे चालतो?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की एखादा तरी मित्रपक्ष समोरच्या आघाडीच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर करतो. लगेच वाहिन्यांवर ‘युतीत फूट’ची पट्टी फिरायला लागते आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी विचारतो, ‘व्हिप मोडला, म्हणजे आता आमदारकी गेली ना?’ नाही गेली. जाऊच शकत नाही. तरी पुढच्या निवडणुकीला हाच प्रश्न, बहुधा त्याच माणसाकडून, पुन्हा येतो.

सभागृहातल्या मतावर फार बोलायला नको. विश्वासदर्शक ठराव येतो, पक्षाचा प्रतोद व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, काढतो, आमदार विरोधात मत देतो किंवा गैरहजर राहतो. पक्षाने पंधरा दिवसांत पोटात घातलं नाही, तर घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली (म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली) अपात्रतेची याचिका विधानसभा अध्यक्षांपुढे जाते. २०२२ नंतर महाराष्ट्रात हे शेंबड्या पोरालाही पाठ झालंय.

अडतं ते राष्ट्रपतीच्या मताशी. १९८५ साली घटनेत आलेलं दहावं परिशिष्ट पक्षादेश मोडल्याची शिक्षा देतं, ती सभागृहात दिलेल्या मतासाठी. राष्ट्रपतीची निवडणूक हे सभागृहाचं कामकाजच नव्हे. घटनेच्या कलम ५४ प्रमाणे ती निर्वाचक मंडळ करतं: संसदेचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. तिथे आमदार पक्षाच्या बाकावर बसलेला नसतो, तो त्या मंडळातला एक मतदार असतो. निवडणूक आयोगाची भूमिकाही तीच: या मतदानासाठी पक्षांनी व्हिप काढायचा नाही.

मग गोंधळ का होतो? कारण माणसं तीच, इमारतही तीच. जुलै २०२२ बघा. ३ तारखेला विधानसभा अध्यक्षांची निवड आणि ४ तारखेला विश्वासदर्शक ठराव. दोन्ही वेळा शिवसेनेच्या दोन गटांचे दोन प्रतोद, दोन व्हिप, आणि सदस्यांना उभं करून उघड शिरगणती. कुणी कुठे मत दिलं हे अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. त्यातला खरा प्रतोद कोण, हा वाद पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आणि १८ तारखेला त्याच विधानभवनात तेच आमदार पुन्हा रांगेत. या वेळी हातात गुलाबी मतपत्रिका, निवडणूक आयोगाने दिलेलं जांभळ्या शाईचं पेन, उमेदवाराच्या नावापुढे पसंतीचा आकडा, घडी घालून मतपेटीत. व्हिप नाही, शिरगणती नाही. एकमेकांच्या अपात्रतेसाठी भांडणारे सेनेचे दोन्ही गट त्या दिवशी द्रौपदी मुर्मू यांच्याच पाठीशी होते, आणि त्याने त्यांच्या भांडणात तसूभर फरक पडला नाही.

राज्यसभेची निवडणूक मध्ये आणून काही जण आणखी घोळ घालतात. तिथे २००३ पासून उघड मतदान आहे, आमदाराला मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. पण फक्त त्यालाच. १० जून २०२२ ला सुहास कांदे यांचं मत बाद झालं ते इतरांना दिसेल अशी मतपत्रिका धरल्याच्या आक्षेपावरून. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत नियम उलटा: मतपत्रिका कुणालाच दाखवायची नाही, स्वतःच्या पक्षाध्यक्षालाही नाही. म्हणून निकालानंतर ‘क्रॉस व्होटिंग करणारे ते आमदार हेच’ अशी नावांची यादी फिरते ना, ती सरळ डिलीट करा. कुठल्या राज्यात किती मतं फुटली याचा अंदाज आकड्यांवरून येतो. नावं म्हणजे निव्वळ पुड्या.

पाठिंब्याची गोष्टही अशीच. २००७ मध्ये भाजप आणि मित्रपक्ष भैरोंसिंह शेखावतांच्या मागे उभे असताना शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताई पाटलांना मतं दिली. युती तुटली? २००९ च्या लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका दोघे एकत्रच लढले. २०१२ मध्ये भाजप पी. ए. संगमांकडे, सेना प्रणव मुखर्जींकडे. तरीही २०१४ ची लोकसभा एकत्र. २०२२ मध्ये उद्धव ठाकरे मुर्मूंच्या बाजूने, तर काँग्रेस आणि राष्ट्रवादी यशवंत सिन्हांच्या बाजूने. थोडी नाराजी, थोडे टोमणे, आणि २०२४ ला महाविकास आघाडी एकत्रच मैदानात.

यावर हमखास नितीशकुमारांचं उदाहरण तोंडावर फेकलं जातं. २०१७ च्या जूनमध्ये त्यांनी रामनाथ कोविंदांना पाठिंबा जाहीर केला आणि जुलै संपायच्या आत लालूंची साथ सोडली. खरं आहे, पण फुटीचं कारण तेजस्वी यादवांवरचे भ्रष्टाचाराचे आरोप होते. याच नितीशकुमारांनी २०१२ ला एनडीएत राहून प्रणवदांना मतं दिली आणि एनडीए सोडली ती पुढच्या वर्षी, तीही नरेंद्र मोदींच्या मुद्द्यावर. १९६९ चं उदाहरण जास्त वजनाचं आहे. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी असताना इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत द्या म्हटलं, व्ही. व्ही. गिरी निवडून आले (तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख), आणि वर्षाच्या आत पक्ष दुभंगला. पण तिथे घरातलं भांडण आधीपासून पेटलेलं होतं. निवडणुकीने ते चव्हाट्यावर आणलं, एवढंच.

किरकोळ फरक भराभर सांगतो. सभागृहात एक आमदार म्हणजे एक मत. इथे महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, गोव्याच्या आमदाराचं २०, आणि त्याला आधार १९७१ ची लोकसंख्या. विधान परिषदेच्या आमदारांना आणि नामनियुक्त सदस्यांना राष्ट्रपतीसाठी मतच नाही, त्यामुळे ‘आमच्या एमएलसी साहेबांनी राष्ट्रपती निवडला’ हे अभिनंदनाचे फ्लेक्स लावू नका.

अधूनमधून कुणीतरी सुचवतं की इथेही व्हिप आणा, म्हणजे घोडेबाजार थांबेल. मला ते साफ अमान्य आहे. सरकार टिकवायला शिस्त लागते हे पटतं. राष्ट्रपतीवर कुठल्याही पक्षाचं सरकार टिकून नसतं. व्हिप आणला की निर्वाचक मंडळ कशाला हवं? पक्षाध्यक्षांकडून नावं मागवून बेरीज केली तरी चालेल.

आणि पक्ष अगदीच हात बांधून बसलेला नसतो. संशय आला तर तो आमदाराला नोटीस देऊ शकतो, पद काढून घेऊ शकतो, थेट हाकलूही शकतो. फक्त पक्षाने हाकललेला आमदार तेवढ्याने आमदारकीवरून जात नाही. उरलेली टर्म तो विधानसभेत बसतो, पगार घेतो, निधी वाटतो.