शिक्षणसेवक

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद, नगरपालिका व अनुदानित खासगी शाळांत नव्याने लागलेल्या शिक्षकाचे पहिल्या तीन वर्षांचे पद. योजना २००० साली सुरू झाली. या काळात वेतनश्रेणी नाही, ठरावीक मानधन असते. सेवा समाधानकारक ठरली की नियमित नेमणूक होते. प्राथमिकचे मानधन अनेक वर्षे ६,००० रुपयांवर अडले होते. जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले (माध्यमिक १८,०००, उच्च माध्यमिक २०,०००).

भरतीचे मूळ संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मिळणार हे ठरवण्यात, असते. पटावरून (विद्यार्थिसंख्येवरून) पदे मंजूर होतात, अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होते आणि उरलेल्या रिक्त जागांची बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची याची यादी) मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. जाहिरात रखडते ती बहुधा इथे.

पहिली ते पाचवीसाठी उमेदवाराकडे डी.एल.एड. (अध्यापन पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते. टीईटी १५० गुणांची. उत्तीर्ण होण्यास ६० टक्के, राखीव प्रवर्गांना ५५. निवड मात्र ठरते टेट या वेगळ्या परीक्षेच्या (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) गुणांवर: दोन तासांत २०० प्रश्न, त्यांपैकी १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. पुढे पवित्र पोर्टलवर (शिक्षकभरतीचे शासकीय संकेतस्थळ) शाळांचा पसंतीक्रम भरून तो लॉक करायचा. लॉक न केलेला क्रम धरला जात नाही. खासगी संस्थांना मुलाखतीसह निवडीचा पर्याय आहे, जिल्हा परिषदेत नुसती गुणवत्ता यादी. वशिल्याला आळा बसतो हे खरे, पण उमेदवाराला शिकवताना एकदाही न पाहता वर्ग हाती दिला जातो.

म्हणून खरे प्रशिक्षण शाळेतच होते, आणि तेच सर्वांत विस्कळीत आहे. द्विशिक्षकी शाळेत एकाकडे दोन-तीन इयत्ता येतात. नवखा शिक्षक एका इयत्तेला शिकवतो, बाकीची मुले पाटीवर तेच ते गिरवत बसतात. जमते ते असे: पहिली फळ्यापाशी वाचनाला, दुसरी संख्याकार्डांवर, तिसरी गटप्रमुखाकडे, पंधरा-वीस मिनिटांनी अदलाबदल. कार्डे आदल्या दिवशीच लावून ठेवलेली नसली, तर पहिल्या फेरीतच गोंधळ उडतो.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली वा पावरी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा ‘पान उलट’ एवढेही त्याला कळेलच असे नाही. रोजच्या सूचनांचे शब्द चौथीच्या मुलांकडून किंवा अंगणवाडी सेविकेकडून पहिल्याच आठवड्यात उतरवून घेणे उपयोगी पडते. केंद्रप्रमुखाने (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारा अधिकारी) शाळाभेटीत पूर्ण तासिका मागे बसून पाहिली, तर अशा अडचणी ध्यानात येतात. बऱ्याच भेटी पोषण आहाराची नोंदवही आणि यू-डायसची (शाळांच्या आकडेवारीची सरकारी नोंद) माहिती तपासण्यातच सरतात.