दिवाडीची कुठली फेरी बंद पडली तर जास्त बिघडेल?

मांडवीतल्या दिवाडी आणि चोडण या बेटांचा नकाशा ग्राफ सिद्धांतवाल्याच्या हाती दिला, तर तो आधी पाणी पुसून टाकील. मग खारफुटी, चर्चे, देवळे, सलीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्यसुद्धा. उरतील फक्त ठिकाणे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. हाच ग्राफ.

आपण पाच ठिकाणे घेऊ: रायबंदर, जुने गोवे, दिवाडी, चोडण आणि सप्तकोटेश्वराचे नार्वे. रायबंदरहून चोडणला आणि दिवाडीला फेरीबोट, जुन्या गोव्याहून दिवाडीला फेरीबोट, दिवाडीहून नार्वेला फेरीबोट. रायबंदर–जुने गोवे रस्ता आहेच, आणि चोडणहून पूल ओलांडून मयेमार्गे नार्वे गाठता येते. एकूण सहा जोडण्या. (पोंबुर्फ्याची फेरी आणि लांबचे वळसे मी मुद्दाम सोडले आहेत; हिशेब कागदाच्या एका कोपऱ्यात मावायला हवा.)

आता पाच ओळी आणि पाच स्तंभांचा तक्ता करा. दोन ठिकाणांत थेट जोडणी असेल तर 1, नसेल तर 0. या मॅट्रिक्सला स्वतःनेच गुणले की नव्या तक्त्यात दोन टप्प्यांचे मार्ग मोजून मिळतात. रायबंदर आणि नार्वे यांच्या चौकटीत 2 येतात: एक मार्ग चोडणवरून, एक दिवाडीवरून. हा तक्ता तीनदा घेऊन गुणाकार केला (म्हणजे तिसरा घात), तर कर्णावरच्या, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जाणाऱ्या तिरक्या ओळीतल्या, आकड्यांची बेरीज 6 येते. तिला 6 ने भागले की ग्राफमधल्या त्रिकोणांची संख्या मिळते, इथे 1: रायबंदर, जुने गोवे, दिवाडी. चित्राकडे पाहिलेच नाही, तरी चित्रातला त्रिकोण सापडला.

पण मला यापेक्षा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव किरखॉफचे 1847 चे प्रमेय जास्त आवडते. तो विजेच्या मंडलांचा अभ्यास करत होता. प्रश्न असा: सहा जोडण्यांपैकी फक्त चार ठेवायच्या, तरीही पाचही ठिकाणे एकमेकांना जोडलेली राहिली पाहिजेत. अशा निवडी किती? किरखॉफची रीत अशी की कर्णावर त्या त्या ठिकाणाच्या जोडण्यांची संख्या लिहायची, जोडणी असेल तिथे 1 ऐवजी −1, बाकी 0. मग कुठल्याही एका ठिकाणाची ओळ आणि स्तंभ खोडायचा. रायबंदर खोडले तर उरते ते असे:

चोडण: 2, −1, 0, 0
नार्वे: −1, 2, −1, 0
दिवाडी: 0, −1, 3, −1
जुने गोवे: 0, 0, −1, 2

याचा निश्चयक, म्हणजे चौकोनी तक्त्यातून ठरावीक रीतीने निघणारी एक संख्या, काढायचा. ठिकाणे सोयीच्या क्रमाने मांडल्यामुळे तो पायरीपायरीने निघतो. प्रत्येक वेळी कर्णावरचा आकडा गुणिले मागचे उत्तर, वजा त्याच्या मागचे. पहिले उत्तर 2, मग 2×2−1=3, मग 3×3−2=7, शेवटी 2×7−3=11. म्हणजे अकरा निवडी. रायबंदरऐवजी नार्वे खोडले असते तरी 11 च आले असते.

आता एकेक जोडणी बंद करून हेच पुन्हा मोजा. नकाशा पाहून कुणीही म्हणेल की मधली रायबंदर–दिवाडी फेरी सर्वांत मोलाची. ती बंद केली तर अकराचे 5 उरतात. जुने गोवे–दिवाडी बंद केली तर 4. आणि दिवाडी–नार्वे किंवा रायबंदर–चोडण बंद केली तर फक्त 3. चोडण–नार्वे रस्ता तुटला तरी 3 च. मधल्या जोडणीच्या दोन्ही टोकांना पर्याय भरपूर आहेत, कडेच्यांना नाहीत. प्रवाशांची गर्दी या हिशेबात धरलेली नाही, हे खरे. पर्याय किती उरतात एवढेच तो सांगतो.

मग मॅट्रिक्समधून असे हिशेबाने काढलेल्या आकड्यांवरून ग्राफ पुरता ओळखता येतो का? याचे उत्तर एका मराठी गणितज्ञाच्या नावाशी जोडलेले आहे. शरदचंद्र श्रीखंडे यांनी 1959 मध्ये 16 बिंदूंचा एक ग्राफ दिला. त्याच वर्षी राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासह त्यांनी ऑयलरचे 1782 चे लॅटिन चौरसांविषयीचे (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येते अशा तक्त्यांविषयीचे) अनुमान खोटे ठरवले, आणि तीच गोष्ट जास्त गाजली. श्रीखंडे ग्राफची तुलना बुद्धिबळातल्या हत्तीच्या ग्राफशी करतात. 4×4 घरांचा पट घ्या आणि हत्ती एका चालीत जाऊ शकतो अशी घरे जोडा. दोन्ही ग्राफांत प्रत्येक बिंदूला 6 शेजारी. दोन्ही मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये (मॅट्रिक्समधून निघणाऱ्या खास संख्या) तंतोतंत सारखी: 6 एकदा, 2 सहा वेळा, −2 नऊ वेळा. किरखॉफची गणतीही दोन्हीकडे एकच येते, 2 चा 35 वा घात, म्हणजे चौतीस अब्जांहून अधिक. तरीही हे दोन वेगळे ग्राफ आहेत, आणि ते पडताळायला कुठलाच निश्चयक लागत नाही. कुठलाही एक बिंदू धरा आणि त्याचे सहा शेजारी आपापसांत कसे जोडलेत ते पाहा. हत्तीच्या ग्राफमध्ये त्यांचे दोन सुटे त्रिकोण होतात. श्रीखंड्यांच्या ग्राफमध्ये एकच षट्कोन.