पाचव्या जॉर्जचा रुपया : वजनाचा भाव आणि नजरेचा भाव

पाचव्या जॉर्जचा चांदीचा रुपया सराफाला दाखवला तर तो तराजूत टाकतो, संग्राहकाला दाखवला तर तो भिंग काढतो. दोघांचे भाव जुळत नाहीत, याचे कारण रुपयाच्या इतिहासातच आहे.

पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना छापांचे रुपये एकाच बाजारात चालत. नाणी पारखणारा पोतदार कस आणि वजन बघून बट्टा, म्हणजे कापून घ्यायची घट, ठरवी. 1835 साली कंपनी सरकारने 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा एकच रुपया ठरवला. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी होती. पुढे 1906च्या नाणे कायद्याने झिजेलाही हद्द घातली. ठरीव वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. ही हद्द साधारण 11.43 ग्रॅमला येते. म्हणजे नाण्याची ‘अवस्था’ बराच काळ तराजूच सांगत होता.

पाचव्या जॉर्जच्या रुपयांत 1918 आणि 1919 ही साले सगळ्यात जास्त दिसतात. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची चणचण झाली, तेव्हा अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे 20 कोटी औंस चांदी विकली आणि ती इथल्या टांकसाळींत आली. त्यामुळे या सालांचे रुपये घरोघरी निघतात आणि नुसत्या जुनेपणाला त्यांच्या बाबतीत फारशी किंमत नाही.

खरा गुंता आहे तो 1940च्या निर्णयाचा. दुसऱ्या महायुद्धात लोक चांदीचे रुपये दडवू लागले. सरकारने रुपयातली चांदी थेट निम्म्यावर आणली आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त घातले. मग 1941 ते 1943 या काळात व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज यांचे जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले. चांदी वाचवणे हा सरकारचा हेतू होता आणि युद्धकाळात तो समजण्यासारखा आहे. पण हिशेब बघा : जुन्या रुपयात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी, नव्यात 5.83 ग्रॅम, आणि बदली मात्र रुपयाला रुपया. ज्याने कायदा पाळून रुपया भरला तो बुडाला आणि ज्याने घरात पुरून ठेवला त्याची चांदी शाबूत राहिली. माझ्या मते हा सौदा सामान्य माणसावर अन्यायाचाच होता.

नाण्यांच्या पारखीवर या निर्णयाचा परिणाम आजही आहे. परत आलेले रुपये वितळवले गेले, त्यामुळे टांकसाळीत किती नाणी पडली या आकड्यावरून किती उरली हे कळत नाही. सहाव्या जॉर्जचा जुन्याच कसाच्या चांदीचा 1938चा रुपया सहज मिळतो, 1939चा क्वचितच हाती लागतो. टांकसाळीचा आकडा दाखवून ‘दुर्मिळ’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला म्हणूनच वितळलेल्या नाण्यांचे काय, हे विचारावे.

नजरेची पारख नंतरची. 1949 साली अमेरिकेत नाण्याची अवस्था ठरवणारी सत्तर गुणांची मोजपट्टी निघाली, 1980च्या दशकात तिथे गुण देऊन नाणे प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करण्याचा धंदा उभा राहिला आणि पुढे ती पद्धत आपल्याकडेही आली. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर झीज आधी भुवई, मिशी, कान आणि मुकुटाच्या कमानीवर दिसते. झग्यावरच्या साखळीतला हत्ती स्पष्ट असेल तर नाणे फारसे फिरलेले नाही. मागच्या बाजूला तळाशी उठावाचा बारीक ठिपका असला की ते मुंबईचे. कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नसते.

मराठी घरांतल्या रुपयांची मात्र वेगळीच अडचण आहे. दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि रांगोळी लावून घासल्यामुळे ते चकचकीत दिसतात, पण भिंगाखाली सगळीकडे एका दिशेचे बारीक ओरखडे असतात. अशा रुपयाला वजन पूर्ण भरले तरी संग्राहक चांदीच्या भावापेक्षा फार पुढे जात नाही. गळ्यातल्या माळेसाठी कडी डागलेला किंवा भोक पाडलेला रुपया तर सराफाकडेच जातो.

2021च्या ऑगस्टमध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. जुन्या नाण्यांना लाखोंचा भाव देतो म्हणून लोकांकडून आधी शुल्क, कमिशन वा कर उकळणाऱ्या टोळ्या तिचे नाव वापरत होत्या. घासलेल्या 1919च्या मुंबई रुपयाला लाखाचा भाव सांगणारा माणूस याच जातीचा.