कोयना धरण व नदीचा बदललेला प्रवाह

सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातील कोयनानगरजवळ कोयना नदीवर बांधलेले रबल काँक्रीटचे धरण. उंची 103 मी., लांबी सुमारे 807 मी.; बांधकाम 1964 मध्ये पूर्ण झाले. धरणामागच्या शिवसागर जलाशयाची साठवण क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे.

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. म्हणजे हे पाणी मूळचे बंगालच्या उपसागराकडे जाणारे. पण जलाशयाच्या पश्चिमेला घाटमाथा ओलांडला की कोकण एकदम शेकडो मीटर खाली आहे. वीज मिळते ती या उतारामुळे. बोगद्यांतून आलेले पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पडते, पुढे कोळकेवाडीला त्यावर पुन्हा वीज तयार होते. प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॉट आहे.

वीज तयार झाल्यावर उरणाऱ्या पाण्याला ‘अवजल’ म्हणतात. ते वाशिष्ठीत जाते आणि अरबी समुद्राला मिळते. एरवी पावसाळा सरला की आटत जाणारी कोकणातली ही नदी त्यामुळे उन्हाळ्यातही वाहती राहिली. चिपळूणकरांना याची जाणीव होते ती वीजनिर्मिती थांबल्यावर: पात्र उतरते आणि नळाला पाणी कमी येऊ लागते.

पूर्वेकडच्या कोयनेला मात्र उन्हाळ्यात प्रामुख्याने धरणातून सोडलेल्या पाण्यावर वाहावे लागते. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहातून सुटणारा विसर्ग कृष्णेत जाऊन सांगली जिल्ह्यातील सिंचन योजनांना आधार देतो. पावसाने ओढ दिली की वीज आधी की शेती, हा वाद दरवेळी पेटतो. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली, ती याच ओढाताणीमुळे. पावसाळ्यात चित्र उलटे असते. वक्राकार दरवाजे उचलले की कराड-सांगलीचे लोक क्युसेकचे (सेकंदाला किती घनफूट पाणी सुटते याचे) आकडे ऐकत बसतात.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयना परिसरात सहा रिश्टरहून मोठा भूकंप झाला. सुमारे 180 माणसे दगावली, धरणाला तडे गेले आणि नंतर त्याचे मजबुतीकरण करावे लागले. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचे नाव जगभर घेतले जाते.

खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली ती या सगळ्याच्या आधी. धरणग्रस्त सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत विखुरले. वीज राज्यभर पोहोचली, पण त्यांच्यातल्या कित्येकांना पर्यायी जमिनीसाठी दोन-तीन पिढ्या आंदोलने करावी लागली.