सहकुटुंब बघण्याजोगे जुने हॉलिवूडपट: ही यादी ठरवली कोणी?

मुलांना शेजारी बसवून बघता येईल असा, कार्टून नसलेला जुना हॉलिवूडपट शोधायला गेलं की फिरून फिरून तीच ती नावं समोर येतात. प्रेक्षकांनी तेव्हाच डोक्यावर घेतलेले हे सिनेमे असणार, असं आपण धरून चालतो. पण त्यातली निदान दोन मोठी नावं पहिल्या खेपेला तोट्यात गेली होती. त्यांना घराघरांत पोचवलं ते टीव्हीने, आणि एका बाबतीत तर चक्क कारकुनी ढिलाईने.

‘द विझार्ड ऑफ ऑझ’ घ्या. एमजीएम स्टुडिओने १९३९ साली त्यावर सुमारे २८ लाख डॉलर ओतले आणि पहिल्या प्रदर्शनात ते वसूल झाले नाहीत. १९४९मध्ये सिनेमा पुन्हा लावला, तेव्हा कुठे हिशेब जमेत आला. खरा पालट झाला तो ३ नोव्हेंबर १९५६ला, सीबीएस या वाहिनीने तो टीव्हीवर दाखवला तेव्हा. १९५९पासून तो दरवर्षी लागू लागला आणि अमेरिकेतल्या घरांत ती संध्याकाळ सणासारखी राखून ठेवली जाऊ लागली. गंमत म्हणजे त्या काळी बहुतेक घरांत कृष्णधवल संच. तपकिरी छटेत दाखवलेल्या कॅन्ससमधल्या घराचं दार छोटी नायिका डोरोथी उघडते आणि समोर रंगांची दुनिया उलगडते, हा सिनेमातला सगळ्यात गाजलेला क्षण. त्यासाठी घराचा आतला भाग चक्क तपकिरी रंगवला होता आणि डोरोथी झालेल्या जुडी गारलंडच्या जागी तपकिरी कपड्यांतली दुसरीच बाई दार उघडायला उभी केली होती. एवढा खटाटोप, आणि हजारो मुलांनी तो राखाडीतून राखाडीत जाताना पाहिला! तरी सिनेमा त्यांच्या मनात बसला, तो बसलाच.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ची कथा आणखी मजेशीर. फ्रँक काप्राचा हा सिनेमा डिसेंबर १९४६मध्ये आला, पाच ऑस्कर नामांकनं मिळाली, पण खर्च निघाला नाही. पुढे १९७४मध्ये २८ वर्षांचा कॉपीराइट संपत आला, तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज करायचाच राहून गेला. सिनेमा फुकटात दाखवता येतो म्हटल्यावर छोट्या-मोठ्या वाहिन्या नाताळात तो सारखा लावू लागल्या. १९९३मध्ये मूळ कथेच्या हक्कांचा आधार घेऊन रिपब्लिक पिक्चर्सने तो पुन्हा ताब्यात घेतला, पण तोवर तो अमेरिकेचा नाताळचा सिनेमा होऊन बसला होता.

ही यादी अशी बनण्यामागे आणखी एक गोष्ट आहे. १९३४पासून हेज कोडची, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याच्या हॉलिवूडने स्वतःच घालून घेतलेल्या नियमावलीची, अंमलबजावणी कडक झाली आणि चुंबन किती लांबवायचं इथपासून गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी इथपर्यंत सगळं ठरवून दिलं गेलं. थोरांसाठी वेगळा आणि पोरांसाठी वेगळा सिनेमा अशी विभागणीच नव्हती. म्हणून त्या तीस-पस्तीस वर्षांतले सिनेमे आज घरात निर्धास्त लावता येतात, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. चुंबनावर डोळा ठेवणाऱ्या या मंडळींना परक्या माणसांची टिंगल मात्र खुपत नव्हती. १९३९च्याच ‘गंगा दिन’मधले कालीभक्त ठग बघा. मुलांना दाखवणार असाल तर शेजारी बसून थोडं बोलावं लागेल.

डिस्नेचा मार्ग वेगळा होता. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अडकून पडलेला पैसा तिथेच खर्चणं भाग होतं, म्हणून तिथे ‘ट्रेझर आयलंड’ (१९५०) काढला. संपूर्णपणे खऱ्या माणसांचा असा डिस्नेचा तो पहिला सिनेमा. तिथून ‘मेरी पॉपिन्स’पर्यंतची (१९६४) वाट सरळ आहे.

१ नोव्हेंबर १९६८ला कोड जाऊन वयानुसार दर्जे आले. त्यानंतर ‘सर्वांसाठी’ (‘जी’) हा एक वेगळा कप्पा झाला. पुढे १९८४मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ आला. त्यात आपले अमरीश पुरी जिवंत माणसाचं काळीज हाताने उपटून काढतात, आणि सिनेमाला दर्जा मिळाला पीजी, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांना चालेल असा! पालक चिडले. त्याच वर्षीच्या ‘ग्रेमलिन्स’ने आगीत तेल ओतलं आणि जुलैमध्ये पीजी-१३ ही, तेराच्या आतल्या मुलांबद्दल पालकांना सावध करणारी, नवी पायरी सुरू झाली.

तेव्हा जुन्या सिनेमासमोर दिसणारं दर्जाचं अक्षर फार मनावर घेऊ नका. १९६८च्या आधीच्या सिनेमांना ते मागाहून चिकटवलेलं असतं. ‘विझार्ड ऑफ ऑझ’ कित्येक वर्षं ‘जी’ होता. २०१३मध्ये थ्रीडीत आला, तेव्हा काही भीतिदायक प्रसंगांचं कारण देऊन त्याला पीजी दिलं गेलं.