रस्ता सुरक्षा (इंदूर)

रस्ता सुरक्षा म्हणजे अपघात होऊच नये, आणि झालाच तरी माणूस जिवंत घरी यावा, यासाठी रस्ता, गाडी, कायदा, सवय आणि दवाखाना या सगळ्यांत करून ठेवलेली तजवीज. आपल्याकडे तिचा अर्थ "ट्रॅफिकचे नियम पाळा" एवढाच लावतात, म्हणून जानेवारीत शाळेची मुलं बोर्ड धरून चौराह्यावर उभी राहतात आणि फेब्रुवारीत पुन्हा जैसे थे.

जगात दरवर्षी साधारण ११ लाख ९० हजार लोक रस्त्यावर जीव गमावतात, त्यातले ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, गाड्या मात्र तिथे जगातल्या साठेक टक्केच. भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ जण गेले आणि त्यात सगळ्यात जास्त दुचाकीवाले.

इंदूरची अडचण अशी की आग्रा-मुंबई रस्ता, म्हणजे आपला एबी रोड, शहराच्या पोटातूनच जातो. बायपास झाला तरी एबी रोडवर सिटी बस, ई-रिक्शा, कार, स्कूटी आणि चालणारा माणूस सगळे एकाच पट्ट्यात, प्रत्येकाचा स्पीड वेगळा, अन् तिथेच घोळ होतो. २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे बसचा वेगळा जलद मार्ग, सुरू झाली, बससाठी मधोमध वेगळी लेन आणि स्टॉपही मधोमधच. बस पळायची झकास, पण स्टॉपवर पोचायला निम्मा रस्ता पायी ओलांडायचा, आणि बाजूच्या लेनमध्ये बाकीचं सगळं शहर कोंबलेलं. २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने ती काढायला सांगितलं. माझं मत विचाराल तर बसच्या लेनचं रेलिंग काढल्याने गाड्यांना जागा मिळेल, पायी चालणाऱ्याला काय मिळेल ते कोणी बोलतच नाही.

हेल्मेटचा किस्सा तर इंदूरचाच. १ ऑगस्ट २०२५ पासून कलेक्टरच्या आदेशाने हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, असा नियम लागू झाला. त्याच्या आधी सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष न्या. अभय सप्रे इथे बैठक घेऊन गेले होते. मग काय, पंपावर एकमेकांची हेल्मेटं उसनी फिरायला लागली, आणि एक गडी तर दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरून गेला, व्हिडिओ देशभर फिरला. हसू येतं, पण बघा ना, नियम पंपापुरता होता म्हणून टोपीही पंपापुरतीच आली. आमच्या घरातलंच सांगते, आत्या रामबागेतून राजवाड्याला निघाली की हेल्मेट कोपराला अडकवते, "अगं इथल्या इथेच तर जायचंय, आणि केस चपटे होतात." पडणाऱ्याला थोडंच माहीत असतं आज आपण लांब चाललोय की जवळ! आयएसआय मार्कचं आणि हनुवटीखाली पट्टा लावलेलं हेल्मेट असेल तरच उपयोग. चार वर्षांखालच्या मुलाला पुढे पायाशी उभं करून नेणं आपल्याकडे सर्रास चालतं, २०२३ पासून मात्र अशा मुलालाही हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा लागतो, शिवाय गाडी ४० च्या वर न्यायची नाही.

खरा गुन्हेगार स्पीड. ६० ने जाणारी गाडी समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या एका सेकंदात १७ मीटर पुढे सरकते, ३० ची गाडी तेवढ्या अंतरात थांबूनही जाते. म्हणून नुसत्या पावत्या फाडून भागत नाही, रस्ताच असा लागतो की स्पीड घेताच येऊ नये: चौराह्याला उंचावलेलं क्रॉसिंग, अरुंद लेन, रात्री दिसेल असा स्पीड ब्रेकर. पाचशे मीटरच्या ज्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा जीवघेणे अपघात होतात त्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा धामनोदजवळचा गणपती घाट असाच बदनाम, उतारावर ट्रकचे ब्रेक तापून फेल व्हायचे आणि ट्रक पुढच्या गाड्यांवर चढायचा. ड्रायव्हरला वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, शेवटी कमी उताराचा नवा रस्ता काढला तो २०२४ च्या अखेरीस. उलट १५ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी एअरपोर्ट रोडवर नो एंट्रीत घुसलेला ट्रक कालानी नगर ते बडा गणपती लोकांना चिरडत गेला, तिथे रस्त्याचा दोष नव्हता, ट्रक आत सोडणाऱ्या नजरेचा होता.

अपघात झाल्यावर लोक मोबाईल काढतात पण पुढे येत नाहीत, पोलिसांची भीती. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्ती नाही. २०२५ पासून जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारही आहेत. तेव्हा १०८ किंवा ११२ लावा, श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, आणि तोंडात पाणी तर मुळीच घालू नका. हे पाणी पाजायचं प्रेम इंदुरात फार आहे.