सेल्फीतलं नाक खरं किती?

बेळगावजवळच्या राजहंसगडावर रविवारी संध्याकाळी गेलात तर शिवरायांच्या पुतळ्यापुढे हात लांब करून सेल्फी काढणाऱ्या पोरापोरींची दाटी दिसेल. फोटो निघाला की लगेच बोटं स्क्रीनवर फिरतात. नाक बारीक, गाल उजळ. मोठी माणसं याला खोटेपणा म्हणतात. पण फिल्टरला दोष देण्याआधी, फिल्टर न लावलेला मूळ फोटो तरी किती खरा होता, हे बघायला हवं.

फोन चेहऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर धरला असं समजा. नाकाचा शेंडा ३० वर, तर कान त्याच्यामागे साधारण १२ सेंटीमीटर, म्हणजे ४२ वर. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे कानांच्या मानाने नाक ४० टक्के फुगतं. तोच फोन दीड मीटरवर नेला की हा फरक जेमतेम ८ टक्के उरतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली असाच हिशेब मांडला. त्यांच्या मते ३० सेंटीमीटरवरून नाक दीड मीटरच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद भासतं. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. शहापूर-वडगावातल्या स्टुडिओत फोटोग्राफर आपल्याला स्टुलावर बसवून चार पावलं मागे सरकतो, ते उगीच नव्हे. सेल्फी बघून स्वतःच्या नाकावर रुसलेल्या प्रत्येक मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं.

दुसरी गोष्ट आरशाची. आपण स्वतःला जन्मभर उलटं, म्हणजे डावं-उजवं बदललेलं पाहतो. १९७७ साली अमेरिकेत मीटा, डर्मर आणि नाइट यांनी विद्यार्थिनींना त्यांचाच चेहरा सरळ आणि आरशासारखा उलटा, असा दोन्ही प्रकारे दाखवला. बहुतेकींना उलटा आवडला, तर त्यांच्या मैत्रिणींना सरळ. ज्याला जे बघायची सवय, त्याला ते आवडलं.

खानापूरकडच्या आमच्या नात्यातल्या एका मुलीने लग्नाच्या बायोडाटासाठी सेल्फी निवडली. आई बघताच म्हणाली, “हे तू नव्हेसच की गं!” आणि तिने चुलतभावाच्या हळदीतला फोटो काढून दिला. हातात पातेलं, मान वळलेली, ओठ हसता हसता अर्धवट उघडे. मुलीला तो बावळट वाटला. आम्हा बाकीच्यांना मात्र ती अगदी तीच वाटली.

यात आईची माया असेलही. पण सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१६ साली असंच काहीसं आढळलं. ‘माझ्यासारखा’ म्हणून माणसाने स्वतः निवडलेल्या फोटोंपेक्षा, थोडा वेळ त्याचा व्हिडिओ पाहिलेल्या परक्यांनी निवडलेल्या फोटोंवरून त्याची ओळख जास्त अचूक पटली. पुढच्याच वर्षी त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: परक्यांनी निवडलेल्या प्रोफाइल फोटोंची छापही जास्त चांगली पडते.

म्हणून फोन कट्ट्यावर टेकवा, टायमर लावा आणि दीड मीटर मागे जा. दहा-बारा फोटो काढा. मग प्रोफाइलला कुठला लावायचा, ते शेजारच्या काकूंना ठरवू द्या.